खळ्यावरची सायकल

तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे वेवजी हे गाव भाताचे आणि मुसळधार पावसाचे. बर्फाशी त्याचा संबंध केवळ सरबताच्या गाडीपुरता. तरीही एका हंगामात तेथील एका धान्यव्यापाऱ्याच्या अंगणात बर्फ सारण्याचा नांगर आकाराला येऊ लागला. अकरावीत शिकणाऱ्या नातवाने कुठल्याशा थंड देशातील चित्र पाहिले होते. फळ्यांचा त्रिकोण सायकलीमागे बांधून एक मनुष्य दारापुढील वाटेवरचा बर्फ दोन्ही बाजूंस सारीत चालला होता. "आजोबा, आपल्या खळ्यावरचे भात असेच गोळा करता येईल," असे म्हणून मुलाने माळ्यावरच्या जुन्या फळ्या खाली काढल्या.

त्याच्या उत्साहामागे कारण होते. कापणीच्या वेळी भातात साधारण 20 ते 25 टक्के ओलावा असतो. साठवणीपूर्वी तो 14 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. त्यासाठी भात पातळ थरात पसरून दर अर्ध्या तासाने परतावे लागते आणि आभाळ भरून आले की तत्काळ गोळा करावे लागते. वाळलेला दाणा पुन्हा भिजला तर त्याला आतून तडा जातो. मग गिरणीत अखंड तांदळाऐवजी कणी पडते आणि भाव उतरतो. त्या सिमेंटच्या खळ्यावरचे भात आसपासच्या पाड्यांवरील लहान शेतकऱ्यांचे होते. ते अजून तोलले गेले नव्हते, म्हणजे नुकसान झाले तर त्यांचेच व्हायचे. हे सारे काम दोन वारली स्त्रिया दिवसभर वाकून करीत. त्यांतील वडीलधारीची कंबर आता साथ देईनाशी झाली होती.

पहिल्या दिवशी नांगर सपशेल फसला. दोन मुठी भात खाली ठेवून तो वरूनच घसरत गेला. वजनासाठी वाळूचे पोते ठेवले, तर सायकलीचे मागचे चाक दाण्यांवर फिरू लागले आणि मुलगा आडवा झाला. जेथून चाक गेले होते, तेथे टरफले फुटलेली दिसली.

आजोबांनी फुटके दाणे तळहातावर घेऊन पाहिले. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा घनमीटर साधारण 100 किलो भरतो. तेवढ्याच जागेतील भात 550 ते 600 किलो. पण खरा भेद वजनाचा नव्हता. "पोरा," ते म्हणाले, "तिकडे जे बाजूला सारतात ते टाकायचे असते, त्यांना वाट हवी असते. आपल्याला वाट नको, बाजूला सारलेलेच हवे आहे. त्यावर चाक कसे घालशील?"

वडीलधारी बाई खांबाशी उभी राहून हे पाहत होती. चूक तिला पहिल्याच फेरीत दिसली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून आजोबांनी ओळखले. त्यांनी विचारले, तेव्हा ती थोडी थांबून म्हणाली, "शेट, हे चाललं तर उद्यापासून एकीलाच बोलवाल ना?"

खळ्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मुलाच्या मनाला हा प्रश्न शिवलाही नव्हता. आजोबा म्हणाले, "बाई, रोज दोघींचा. काम चार तासांत आटोपले तरी रोज पूर्ण दिवसाचा. हा माझा शब्द."

मग बाई पुढे आली. सायकल भातावरून नव्हे, कडेच्या मोकळ्या जमिनीवरून चालवावी आणि फळी तेवढी तिरकी भातात जावी, असे तिने हातानेच आखून दाखविले. त्रिकोण मोडला आणि एकच लांब फळी राहिली. तिच्या खालच्या कडेला जुन्या टायरची पट्टी ठोकली, म्हणजे दाणा सिमेंटवर रगडला जाऊ नये. बांबूचा आडवा दांडा कॅरिअरऐवजी मागच्या आसापाशी बांधला; ओढ खालून आली की फळी वर उचलली जात नाही. तिरक्या फळीमुळे सायकल एका अंगाला खेचली जाई, म्हणून तिच्यावर बसण्याचा हट्ट सोडावा लागला. हँडल धरून, ताठ पाठीने चालत ती ढकलायची. प्रत्येक फेरीत भाताची एक ओळ आत सरकू लागली आणि रिकाम्या झालेल्या पट्ट्यातून पुढची फेरी निघू लागली.

ही युक्ती एकट्या वेवजीची नव्हे. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांना बैलजोडी परवडत नव्हती. त्यांनी सायकलीचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घेऊन त्याला कोळप्याची पास जोडली. एका माणसाने चालत ढकलण्याच्या या अवजाराला 'कृषिराजा' हे नाव मिळाले. 2000 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने पुढे त्याची दखल घेतली. त्यांनीही सायकलीवर बसण्याची हौस बाजूला ठेवली आणि तिच्यातून आपल्या कामापुरतेच घेतले.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी समुद्राकडून आभाळ काळवंडत आले. मुलगा महाविद्यालयात होता. वडीलधारी बाईने सायकल धरली, दुसरी फळीमागे राहिलेले दाणे झाडूने ओढीत गेली आणि आजोबांनी ताडपत्री उलगडली. पहिले थेंब पडले तेव्हा एका कोपऱ्याखेरीज सारे भात झाकले गेले होते.

कोपऱ्यातले भिजलेले भात आजोबांनी वेगळे ठेवले, चांगल्यात मिसळू दिले नाही. दुसऱ्या दिवशी तोलाच्या वेळी ते कोरड्याच्या भावाने स्वतःच्या खाती लिहिले. खळे त्यांचे होते, तेव्हा खळ्यावरची राखणही त्यांचीच. त्या संध्याकाळी काम लवकर आटोपले होते. दोघी पूर्ण रोज घेऊन, उजेड असतानाच पाड्याकडे निघाल्या. जाताना वडीलधारी बाईने सायकल भिंतीशी टेकवली आणि फळीवरचे चार दाणे पदराने पुसून राशीत टाकले.