एकोणसाठावा मणी

चिरंजीवांना दीड वर्ष पूर्ण झाले आणि आमच्या सायंप्रार्थनेची शिस्त पार मोडली. आमच्या गॅलरीतून मेट्रो दिसते. ६ मार्च २०२२ रोजी ती संत तुकाराम नगरहून धावू लागली, आणि ‘मेतो’ हा शब्द याला ‘आबा’च्याही आधी आला. जपमाळ ऐन रंगात असता ‘मेतो!’ अशी आरोळी उठते, की आजीसकट सारे गॅलरीत! (पवित्र माता हसत असावी.)

परवा त्याने आजींची वसईहून आणलेली लाकडी माळ हिसकली. दोरा तुटला. पाच दशकांचे पन्नास, आरंभीचे तीन, ‘हे आमच्या बापा’चे सहा; मणी एकोणसाठ हवेत. तीनदा मोजले, अठ्ठावन्नच! गिळला तर नसेल? रात्रीच दवाखाना गाठला. “लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “श्वास नीट आहे, खोकला नाही. शौचावर लक्ष ठेवा.” ती रात्र आम्ही त्याच्या छातीवर हात ठेवून जागून काढली. दोष कोणाचा, यावरून एकमेकांवर चिडलो. पहाटे क्षमाही मागितली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या प्लॅस्टिकच्या मेट्रोचे दार उघडले, तर मणी आत, खिडकीपाशी बसवलेला. काढू लागताच चिरंजीवांनी भोकाड पसरले.

“संध्याकाळपर्यंत राहू द्या त्याला,” आजी म्हणाल्या.