सरांक नागीण इली

हा मजकूर माझ्या बायकोने आधी वाचला आहे. दोन वाक्ये तिने काढायला लावली, एक घालायला लावले. कोणती ते सांगत नाही.

मे महिन्याच्या शेवटी पुण्यात शिक्षकांचे आठ दिवसांचे प्रशिक्षण होते. ते संपवून कणकवलीला परतलो आणि सहाव्या दिवशी लघवीला आग होऊ लागली. उन्हाळा आहे, पाणी कमी पडले असेल म्हणून कोकम सरबत पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी अंगात कसर आली, जांघेत गाठी हाताला लागू लागल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले बारीक फोड, घोळक्याने. जागा सांगायची गरज नसावी. ज्या जागेच्या दुखण्यासाठी माणूस डॉक्टरच्या आधी गावाबाहेरची एसटी शोधतो, ती जागा.

आमचे गाव मोठे नाही. तालुक्याचे ठिकाण, महामार्गावरचे, रेल्वे स्टेशन असलेले. पण बावीस वर्षे शिकवल्यावर गाव आणखी लहान होते. ज्या डॉक्टरांकडे आम्ही जातो त्यांच्या बाकड्यावर माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक बसलेले असतात आणि कंपाऊंडर आमच्याच मोहल्ल्यातला. 'सर, काय होताहा?' हा प्रश्न तो दारातच विचारतो, मायेने विचारतो, आणि मोठ्याने विचारतो. रेल्वेतून जाताना भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' असे रंगवलेले दिसते, त्याला मी आयुष्यभर हसत आलो. त्या रात्री तो फोन नंबर आठवायचा प्रयत्न केला, हे खोटे कशाला सांगू.

मग मोबाईलवर शोधले. हर्पीस. पहिल्यांदा फोड येतात ते साधारण संसर्गानंतर २ ते १२ दिवसांत, असे वाचले आणि बोटांवर मोजू लागलो. पुण्यातले दिवस बरोबर त्यात बसत होते. पण पुण्यात मी काय केले ते मला ठाऊक होते. दिवसभर प्रशिक्षण, रात्री वसतिगृहातली खाट आणि ढेकूण. मी काही केलेले नव्हते.

मग?

या 'मग' पासून पुढचे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. तीन रात्री मी बायकोच्या शेजारी पडून ते आठ दिवस मोजत होतो. घरी कोण आले असेल. वायफायवाला आला होता, असे ती फोनवर म्हणाली होती. तिचा मावसभाऊ कुडाळहून आंबे द्यायला आला होता. सतरा वर्षांच्या संसारात ज्या बाईने मला कधी शंकेला जागा दिली नाही, तिच्याबद्दल मी आंब्याच्या पेटीवरून हिशेब मांडत होतो. संशय हा गुनाह होऊ शकतो, हे मदरशात सात वर्षांचा असताना शिकलो होतो. शिकलेले कुठे जाते कोण जाणे. दिवसा मी तिच्याकडे बघत नव्हतो. तिला वाटले, बदलीची काही भानगड आहे.

चौथ्या दिवशी एका खासगी अॅपवर पैसे भरले. सात मिनिटांत काम झाले. समोरून फक्त मेसेज येत होते. वय काय, खाज आहे का, किती दिवस. आवाज नाही, चेहरा नाही. चिठ्ठीत एक अँटिबायोटिक, बुरशीची एक गोळी आणि स्टेरॉइड असलेले एक मलम. मी विज्ञानाचा शिक्षक, एवढे तरी कळले की विषाणूला अँटिबायोटिक लागू पडत नाही. आणि अशा फोडांवर स्टेरॉइड चोळणे म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्यालाच झोपवणे. पैसे गेले.

ऑनलाइन म्हणजे सगळे असेच, असे मी ठरवून टाकणार होतो. पण करोनात अम्मीच्या रक्तदाबासाठी ई-संजीवनी वापरले होते, ते आठवले. केंद्र सरकारची ही सेवा घरबसल्या १३ एप्रिल २०२० पासून मिळू लागली, फुकट. त्याआधी २५ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी देश बंद झाला त्याच दिवशी, दूरवरून उपचार कसे करायचे याचे नियम निघाले होते. त्या रात्री ते बसून वाचले. पहिल्याच भेटीत कोणती औषधे कशी लिहून द्यायची, याच्या त्यात याद्या आहेत. दुकानात सहज मिळणारी किरकोळ औषधे फोनवर किंवा मेसेजवरही सांगता येतात, त्यापलीकडच्या बऱ्याच औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवर व्हावी लागते, आणि झोपेच्या, नशेच्या काही गोळ्या तर अशा लिहूनच देता येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. पडद्यावर भागत नाही असे वाटले तर 'प्रत्यक्ष दाखवा' म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. वाचून धीर आला. जिथे डॉक्टर नाही म्हणू शकतो, तिथे त्याच्या हो ला किंमत असते.

आमच्याकडे रेंज गच्चीवर येते. पावसाची झड चालू होती, मी टाकीच्या आडोशाला छत्री धरून बसलो. टोकन नंबर आला, थोड्या वेळाने एक डॉक्टर बाई दिसल्या. माझ्या बहिणीच्या वयाच्या. मी आधी 'त्वचेचा त्रास' म्हटले, मग 'खालच्या बाजूला'. त्यांनी दुसऱ्या वाक्यातच ओळखले. म्हणाल्या, कॅमेरा तिकडे नेऊ नका, मी विचारते त्याची उत्तरे द्या. फोड सुटे आहेत की घोळक्याने? आधी झोंबत होते का? ताप? गाठी दुखतात? लघवी अडते का? यापूर्वी कधी? त्यांनी ज्या सुरात हे विचारले त्याच सुरात कोणी मला चष्म्याचा नंबर विचारला असता.

मग त्यांनी विचारले, 'तुमच्या मिसेसना ताप आला की ओठावर फोड येतात का?'

येतात. वर्षातून एकदा तरी, खालच्या ओठावर, डाव्या बाजूला. लग्नाच्या आधीपासून. आम्ही त्याला उष्णता म्हणतो आणि तूप लावतो.

तो हाच, त्या म्हणाल्या. हर्पीसचा विषाणू दोन प्रकारचा. पहिला बहुतेक करून तोंडाचा, पण नवरा-बायकोत तो तोंडाकडून खालीही जाऊ शकतो, आणि फोड दिसत नसतानाही जाऊ शकतो. शिवाय आज पहिल्यांदा फोड दिसले म्हणजे संसर्ग आजचाच असे नाही, तो शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप असू शकतो. ओल्या फोडाचा नमुना तपासला तर प्रकार कळतो, पण फोड सुकत आलेत, आता त्यात फारसे मिळणार नाही. 'तारखा मोजत बसू नका,' असे त्या आपणहून म्हणाल्या. त्यांना काय दिसले माझ्या चेहऱ्यावर, कोण जाणे.

अॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ७ दिवस. पाणी भरपूर. फोड पुरते बरे होईपर्यंत पत्नीपासून लांब. आणि सिफिलिस, एचआयव्हीची रक्ततपासणी, 'ती पडद्यावर होत नाही, जाऊन करून घ्या.'

चिठ्ठी मोबाईलवर आली. डॉक्टर न दिसणाऱ्या गावचे होते, गोळी मात्र गावातूनच घ्यायची होती. चिठ्ठीवर माझे पूर्ण नाव. संध्याकाळी पाऊस बघून दुकानात गेलो, गर्दी नसेल म्हणून. काउंटरवर माझाच विद्यार्थी, डी. फार्म. झालेला. मागे दोन बायका आडोशाला थांबलेल्या, त्यातली एक आमच्या गल्लीतली. त्याने मोबाईल हातात घेतला, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'सर, नागीण इली काय?'

मी म्हटले, हो.

नंतर कळले ते असे. नागिणीलाही हेच औषध, पण ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा. फरक त्याला माहीत नसणे शक्य नाही. म्हणजे त्या पोराने चिठ्ठी वाचली, मागे कोण उभे आहे ते पाहिले आणि मला घालायला एक शब्द दिला, भिजलेल्या माणसाला टॉवेल द्यावा तसा. पेपर तपासताना मी त्याचा अर्धा गुण कधी वाढवला असेन तर तो फिटला.

शब्दही किती जवळचा. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, मज्जातंतूत दडून बसलेला, म्हातारपणी उठलेला. माझ्यावाल्याचा तो सख्खा चुलत भाऊ. ग्रीक भाषेत हर्पीसच्या मुळाशी सरपटणे आहे, आणि आपल्या लोकांनी ग्रीक न वाचता नागीण म्हटले. गोळीही एकच. ती शोधली गेली त्या प्रयोगशाळेतल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले. या गोळीची गंमत अशी की ती एरवी निजल्यासारखी असते, विषाणूचेच एक विकर तिला जागे करते, म्हणून ती विषाणू असलेल्या पेशीतच काम करते. मज्जातंतूत झोपलेल्या विषाणूपर्यंत मात्र तिचा हात पोचत नाही. इतके सगळे एक असून नागीण माणूस ओसरीवर बसून सांगतो आणि हे बायकोलाही सांगत नाही.

माझे न सांगणे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत टिकले. मी शाळेत होतो. गल्लीतल्या काकी वाटीत गेरू कालवून घरी आल्या. सरांच्या अंगावर कुठल्या बाजूला उठली आहे, दोन्ही टोके जुळली तर नाहीत ना, जुळली की माणूस हाती लागत नाही. (नागीण एका बाजूच्या नसेवर उठते, टोके सहसा जुळत नाहीतच. पण काकींच्या वाटीपुढे विज्ञान सांगणारा मी कोण.) बायको दारात उभी, हातात पिठाची परात. ती म्हणाली, हो, बघते. काकी गेल्यावर तिने माझ्या बॅगेचा वरचा कप्पा उघडला.

दुपारी घरी आलो तर गोळ्यांचे पाकीट ताटाच्या शेजारी ठेवलेले. मी सगळे सांगितले, म्हणजे दुखणे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग एकच शब्द, 'पुण्यात?'

मी नाही म्हटले. आणि मग जे सांगायचे होते ते सांगताना लक्षात आले की माझी सुटका तिच्यावर आरोप केल्यासारखी ऐकू येते. 'तुझ्या ओठावरचा' हे शब्द मी उच्चारले आणि तिचा चेहरा उतरला. 'म्हणजे पुण्याला तुम्ही गेलात, आणि आणले मी?'

तिला माझे पटेना. का पटावे? त्याच रात्री दोघे गच्चीवर गेलो. या वेळी दुसरेच डॉक्टर लागले, वयस्कर, कानात हेडफोन घातलेले. बायकोने पदर सावरून स्वतः विचारले. त्यांनीही तेच सांगितले, जरा विस्ताराने. जगात ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांत हा पहिल्या प्रकारचा विषाणू आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो बाळपणीच लागतो, घरातल्याच कोणा मोठ्याने मुका घेतला म्हणून. हे पक्के प्रमाण नव्हे, तेही म्हणाले, पण हे घडणे अगदी साधे आहे.

जिन्यावरून उतरताना मी म्हटले, तुझ्या नानीच्या ओठावर यायचे ना असे?

'नानीला यात आणू नका,' ती म्हणाली. पण हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दोघांनी रक्त दिले. निर्धोक निघाले. तिथल्या समुपदेशक बाईंकडून कळले की सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांच्या औषधांची रंगांवरून ओळखायची पाकिटे असतात, त्यातले ५ नंबरचे, लाल, हर्पीसच्या फोडांसाठी. आत ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या. ३ वेळा, ७ दिवस. फुकट, आणि दुकानात नाव न दाखवता. हे गच्चीवर भिजायच्या आधी माहीत असते तर, असे मनात आले. पण जे मला तिथे कळले असते ते कळायला मी आधी तिथवर गेलो असतो का, तर नाही. त्या डॉक्टर बाई पडद्यावर होत्या म्हणूनच मी तोंड उघडले.

ऑगस्टमध्ये एकदा परत आले. थोडे, सौम्य. तशाच व्हिडिओ भेटीवर पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या वेळी दुकानातला मुलगा काहीच बोलला नाही, फक्त 'पाणी पिया, सर' म्हणाला.

एक गोष्ट राहिली होती. त्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेलेली असताना तिने विचारले, 'तेव्हा तीन-चार दिवस तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. लाजत होता?'

होय म्हटले असते तर निभावले असते. मी आंब्याच्या पेटीचे सांगितले. वायफायवाल्याचेही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मावसभावाला फोन करून तिने त्याला जेवायला बोलावले आणि सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा मला त्याच्या ताटात वाढायला लावला.

नोव्हेंबरात तिला ताप आला. खालच्या ओठावर, डावीकडे, फोड. तुपाची वाटी तिने हातात घेतली आणि परत ठेवली. डॉक्टरांना विचारून मलम आणायला मी गेलो. संध्याकाळची वेळ, दुकानात चारपाच माणसे. मुलाने सवयीने मागे पाहिले, मग माझ्याकडे.

'कोणाक, सर?'

'बायकोला,' मी म्हटले. 'ओठावर हर्पीस आलाय.'