शेवटची शून्यं

संपादकांनी लेख मागताना विषयही दिला आणि अटही घातली. विषय, ‘आपल्या समुद्रातले देवमासे वाढले की कमी झाले?’ आणि अट, आकडेमोड नको. या प्रश्नाला आकडेमोडीवाचून उत्तर नाही. तेव्हा वाचकांनी थोडी सोसावी, एवढीच विनंती.

२०२३ च्या दिवाळीपासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. त्या वर्षी ऐन सणात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू येऊन रुतलं. दोन दिवस माणसं झटली, त्याला ओढून खोल पाण्यात नेलं, आणि शेवटी ते मेलेलंच सापडलं. मी देवमाशांच्या मोजणीचं काम करतो हे दहिवलीतल्या माझ्या शेजारपाजाऱ्यांना ठाऊक आहे. फराळाला बसल्या बसल्या एक जण म्हणाले, “काका, देवमासे वाढलेत म्हणूनच किनाऱ्याला लागतात ना?” दुसऱ्यांचं म्हणणं, संपत आलेत म्हणूनच असं होतं. एका पिल्लावरून दोन्ही निष्कर्ष निघाले, आणि दोघंही ठाम होते.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याला, जून २०१५ मध्ये निळा देवमासा लागला होता. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्रूड्स देवमासा आला. दर वेळी बातम्यांमध्ये मागच्या घटनांची यादी येते आणि यादी लांबली की ‘प्रमाण वाढले’ असा मथळा होतो. पण मेलेला देवमासा किनाऱ्याला लागेल की नाही, हे वारा, प्रवाह आणि तो किती खोलात मेला यांवर ठरतं. मेक्सिकोच्या आखातातल्या देवमासे आणि डॉल्फिनांचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. मरणाऱ्यांपैकी सरासरी जेमतेम २ टक्के प्रेतं माणसाच्या हाती लागतात, असं त्यात निघालं. शिवाय आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पूर्वी एखाद्या निर्जन पुळणीवर कुजून जायचं ते आज तासाभरात जिल्हाभर पोहोचतं. किनाऱ्यावरचं प्रेत मोलाचं असतं, त्यातून आजार, जखमा, आहार, जनुकं कळतात. संख्या वाढते की घटते, ते कळत नाही.

त्यासाठी जिवंत जनावर पुन्हा पुन्हा ओळखावं लागतं. हंपबॅक देवमासा बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग, कडेचे दाते, जुने ओरखडे हे ज्याचे त्याचे असतात. ब्रूड्स देवमासा सहसा शेपूट दाखवत नाही, म्हणून त्याच्यावरचं काम फार अवघड. फोटो आले की पुढची पद्धत सोपी आहे. सकाळच्या कर्जत-सीएसएमटी लोकलचा एक डबा घ्या. एका सोमवारी ४० चेहरे टिपले. पुढच्या सोमवारी ५० पाहिले, त्यांत २० आधीचे निघाले. म्हणजे पाचांत दोन टिपलेले. मग टिपलेले ४० हे एकूण प्रवाशांच्या पाचांत दोन धरायचे, एकूण १००. मात्र रोजचा पासवाला आणि कधीमधी येणारा यांना एकाच मापानं मोजलं की पासवालेच पुन्हा पुन्हा सापडतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. शेपूट हमखास उचलणारे आणि क्वचित उचलणारे देवमासे यांचंही तेच होतं.

ही झाली संख्या. वाढ हवी असेल तर जगण्याचा दर हवा, आणि खरा वाद इथे आहे. माझी निम्मी नोकरी यातच गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

प्रत्येक देवमाशाची एक ओळ असते. वर्षभरात दिसला तर १, नाही तर ०. समजा एकाची ओळ आहे १ ० ० १ १ ० आणि दुसऱ्याची १ १ ० ० ० ०. पहिल्या ओळीतली मधली दोन शून्यं स्पष्ट बोलतात. चौथ्या वर्षी तो दिसला, म्हणजे त्याआधीची दोन वर्षं तो जिवंत होता, फक्त आम्हाला सापडला नाही. सगळ्या ओळींतली अशी मधली शून्यं मिळून जिवंत देवमासा नजरेतून किती वेळा सुटतो ते सांगतात. ही शक्यता निम्मी निघाली, तर सलग चार वर्षं सुटण्याची शक्यता सोळांत एक. म्हणजे दुसऱ्या ओळीतला बहुधा गेला. कॉर्मॅक यांनी १९६४ मध्ये आणि जॉली व सेबर यांनी १९६५ मध्ये हे गणित बांधलं, आजही आम्ही त्यावरच उभे आहोत.

पण ‘गेला’ म्हणजे काय? लोकलमधला नेहमीचा माणूस वारला असेल, किंवा बदलापूरला राहायला जाऊन दुसरी गाडी धरत असेल. ओळीच्या शेवटी दोघांचीही शून्यंच. या गणितातून निघणारा दर मृत्यू आणि निघून जाणं यांना एकत्रच धरतो. तरी अहवालांत तो बिनदिक्कत ‘जीवितदर’ म्हणून छापला जातो, आणि बैठकीत तेवढीच ओळ वाचली जाते.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकांच्या बाबतीत ही चैन परवडणारी नाही. जगातले इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात चरायला जातात. आपले जात नाहीत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याशी खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर त्यांचं भागतं. जनुकांच्या अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळे राहिलेत. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले आणि ते दडवून ठेवलं. पुढे ओमानमधल्या फोटोंवरून काढलेला अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला, तो ८२ चा. बातम्यांत तेवढाच येतो. त्यापुढचं ‘६० ते १११’ गळतं, आणि काम म्हणून पाहिलं तर तेच महत्त्वाचं. उद्या नव्या पाहणीत ६६ निघाले, तर पाचवा हिस्सा संपला की आपली मोजणीच सैल, हे या दोन आकड्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ लुबान नावाच्या मादीला उपग्रह-खूण लावली. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्यानं दक्षिणेला मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. त्या डिसेंबरात ओमानमध्ये फोटो काढणाऱ्याच्या वहीत तिच्या नावापुढे शून्यच पडलं असतं. तेव्हा ती आपल्या दारात होती. आपल्याकडे शेपट्यांची तेवढीच जुनी, तेवढीच सलग नोंद असती, तर तिकडची किती शून्यं इकडे एक होऊन भेटली असती! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढ्या थोड्या जनावरांत दरातला लहानसा फरक सगळं उलथवतो. अमेरिकेच्या मेनच्या आखातातल्या हंपबॅकांचा अभ्यास १९९७ मध्ये आला. वार्षिक जीवितदर ०.९६, दोन पिल्लांतलं अंतर सरासरी २.३८ वर्षं, वाढ वर्षाला साडेसहा टक्के. आता ८२ पैकी निम्म्या माद्या, त्यांत वयात आलेल्या समजा २५. वर्षाला एक मादी जास्त मेली, तर दर ०.९६ वरून ०.९२ वर येतो. वयात आल्यावर सरासरी २५ वर्षं जगणारी मादी साडेबारा वर्षं जगते आणि तिची पिल्लंही निम्म्यावर येतात. उत्तर अटलांटिकमधल्या राइट देवमाशांबद्दल फुजिवारा आणि कॅसवेल यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं: वर्षाला फक्त दोन माद्यांचे मृत्यू टळले, तर घसरण थांबते. मेनचा साडेसहा टक्क्यांचा दर उचलून अरबी समुद्राला चिकटवणारे प्रस्ताव मी वाचले आहेत. तिथलं खाद्य वेगळं, जाळी वेगळी, जहाजांचे मार्ग वेगळे. असा उसना आकडा कागदावर माद्या जगवतो.

लांब पल्ल्याची नोंद काय देते, ते उत्तर पॅसिफिकनं दाखवलं. २००२ ते २०२१ चे फोटो संगणकानं जुळवून २०२४ मध्ये निष्कर्ष आला: २०१२ पर्यंत हंपबॅक ३३,४८८ वर पोहोचले आणि समुद्र तापल्यानंतर २०२१ पर्यंत २६,६६२ वर उतरले. नोंद दहाव्या वर्षी थांबली असती, तर सगळे आजही वाढीचेच गोडवे गात असते. आमच्याकडे प्रकल्प दोन-तीन वर्षांचे. शेवटची शून्यं पडू लागतात तेव्हाच पैसे संपतात आणि बोट परत जाते. भारत सरकारनं २०१८ मध्ये या हंपबॅकांना पुनरुज्जीवन कार्यक्रमाच्या यादीत घेतलं, हे चांगलंच झालं. पण यादीत नाव आलं म्हणून ओळीत एक पडत नाही.

ओमानमध्ये फोटो निघालेल्या हंपबॅकांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर जाळ्यांचे व्रण आहेत. हे व्रण वाचलेल्यांचे. जे वाचले नाहीत ते कुणाच्याच फोटोत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. वर्षभर समुद्रावर असणाऱ्या इतक्या बोटी कुठल्याही संशोधन संस्थेकडे नाहीत. देवगड-मालवणपासून श्रीवर्धन-अलिबागपर्यंतच्या तांडेलांना माझं सांगणं एवढंच: हंपबॅक दिसला तर त्याच्या वाटेत जाऊ नका, त्याच्या मागेच पण लांब राहा, आणि तो बुडी घेताना शेपटीची खालची बाजू टिपा. फोटो अस्पष्ट असला तरी पुसू नका. तारीख आणि जीपीएसवरची जागा लिहून ठेवा, सोबत पिल्लू असेल तर तेही लिहा, आणि फोटो वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे द्या.