बुधवारचं मेण

मराठवाड्यातल्या जळकोटच्या माणसाला बुधवारचं काय एवढं? पण नोकरीपायी माहीमला खोली घेतली आणि हा वार वेगळा दिसायला लागला. एरवी स्टेशनातून पश्चिमेला उतरणारी गर्दी एकमेकांना ढकलत पळते. बुधवारी तिच्यात हार सांभाळत चालणाऱ्या बायका असतात, चपला पिशवीत टाकून अनवाणी निघालेली एखादी आजी असते, ओठातल्या ओठात पुटपुटणारा कॉलेजचा पोरगा असतो. सगळी वाट सेंट मायकल चर्चची. कपाळावरची कुंकवं आणि मधूनच दिसणारे बुरखे पाहिले, की यातले ख्रिस्ती किती, हा हिशेब करावासा वाटत नाही.

८ सप्टेंबर १९४८ पासून इथं दर बुधवारी मारियामातेची नोव्हेना चालते. नऊ बुधवार यायचं, असा नेम. मराठीतही प्रार्थना होते. तरी मला विचाराल, तर निम्मी प्रार्थना आत शिरण्याआधी फुटपाथवरच उरकते.

तिथं मेण विकायला असतं. साध्या मेणबत्त्या तर आहेतच. पण मेणाचा हात, पाय, डोळे, तान्हं बाळ, विमानसुद्धा! ज्याला जे हवं, त्यानं ते विकत घेऊन मातेपुढं ठेवायचं. घराला सगळ्यात जास्त मागणी असावी. नीट पाहिलं तर ते घर उतरत्या छपराचं, मधोमध दार, दाराला चिकटून खिडकी. मागणाऱ्याला मिळालीच तर सातव्या मजल्यावरची वन रूम किचन मिळणार. पण मेणात अजून छप्पर उतरतंच आहे. एका बाईंनी पाय मागितला. विकणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, ‘‘डावा का उजवा?’’ बाई आपल्या गुडघ्यांकडं बघत थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘दोन्ही द्या.’’

आमच्याकडं माळेगावच्या यात्रेत खंडोबाला नवस बोलतात, तो मनात. फेडताना काय तो गावाला कळतो. इथं मागणंच हातात धरून रस्त्यानं चालायचं. लोकलमध्ये शेजारच्याला ‘बरं आहे’ म्हणणारा माणूस मेणाचं बाळ घेऊन भर रस्त्यात उभा राहतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. या शहराच्या भिडस्तपणाला बुधवारी सुट्टी असते, असं मला वाटतं.

शाळेत चिमाजी अप्पांची वसई आम्ही छाती फुगवून पाठ केली होती. त्याच १७३९ च्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरची मारियेची प्रतिमा या चर्चमध्ये आसऱ्याला आली आणि १७६१ पर्यंत इथंच राहिली, हे धड्यात नव्हतं. म्हणजे वांद्र्यात जिच्यापुढं लोक घर मागतात, तीच इथं बावीस वर्षं बिऱ्हाडकरू! वसईचा अभिमान त्यामुळं कमी झाला नाही. पण या रस्त्यावरून चालताना तो जरा हळू आवाजात बोलतो.

आतल्या तसबिरीत मातेच्या कडेवरच्या बाळाची एक चप्पल पायातून निसटून लोंबते आहे. घाबरून आईकडं धावलेलं पोर ते. आजूबाजूच्या गर्दीला तसबीर समजावून सांगावी लागत नसणार.

यंदा जुलैत घरून फोन आला. सोयाबीन उगवून आलं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. पोरांनी धोंडी काढली. लिंबाचा पाला बांधलेल्या पोराच्या अंगावर बायाबापड्यांनी घरातलं पाणी ओतलं. त्या बुधवारी मुंबईत रस्ता तुंबला होता. मावशींनी माल प्लास्टिकनं झाकला होता आणि त्या स्वतः भिजत होत्या. मी कागद उचलून सगळं पाहिलं आणि विचारलं, ‘‘मावशी, पावसाचं काही नाही का?’’

‘‘पाऊस?’’ त्यांनी माझ्याकडं, मग आभाळाकडं पाहिलं. ‘‘इथं कोण मागतंय रे बाबा! घर ने. भिजलेलं आहे, कमी करून देते.’’