हेलसिंकी, तेही जानेवारीत!

'हेलसिंकी? तेही जानेवारीत? वेडबिड लागलंय का तुम्हाला?' आमचा प्लॅन ऐकून एकजात सगळ्यांची रिअ‍ॅक्शन हीच. पुण्यातली गँग तर हात धुऊन मागे लागली. जायचंच तर जूनमध्ये जा, तेव्हा तिथे रात्री साडेदहालासुद्धा सूर्य असतो, मस्त फोटो येतात वगैरे वगैरे. पण आमची ही ट्रिप निव्वळ फोटोंसाठी नव्हतीच. नवरोबांना तिथल्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि उत्तर द्यायला हातात होते तीन आठवडे.

तो पक्का कोथरूडकर, मी माणदेशी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडजवळ माझं गाव. दुष्काळी पट्टा. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीकडचे घरदार नंतर बघतात, आधी विचारतात, पाणी कुठून आणावं लागतं? माझी आजी म्हणायची, 'लेक द्यायची तर गाव चैतात बघावं. पावसाळ्यात समदीच गावं हिरवी दिसत्यात.' मग मीच म्हटलं, हेलसिंकी बघायचं तर त्याच्या चैतात बघू. चार दिवस, दोघंच.

पहिल्या दिवशी पारा उणे बारा! आत थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जाडजूड जॅकेट... दोघंही चालत्या गाद्या दिसत होतो. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य नऊनंतर उगवतो आणि चारच्या आत गायब होतो. मधल्या वेळातही डोक्यावर येत नाही, क्षितिजाच्या कडेकडेने सरकत राहतो. नवरोबा मात्र फुल टू फॉर्मात. बंदरावरच्या बाजारचौकातून फेरीने सुओमेनलिन्नाला गेलो. स्वीडनची सत्ता असताना, १७४८ मध्ये, बांधायला घेतलेला हा बेटांवरचा किल्ला आता जागतिक वारसा आहे. बोटीखाली बर्फाचे तुकडे कराकरा मोडत होते आणि हा लहान मुलासारखा रेलिंगला चिकटलेला. परत आल्यावर १८८९ पासून उभ्या असलेल्या जुन्या मार्केट हॉलमध्ये सामन माशाचं गरमागरम, दुधाळ सूप प्यायलो. त्यावर काय भुरभुरलेलं असावं? चक्क शेपू! घरी शेपूच्या नावाने नाक मुरडणाऱ्या माणसाने वाडगा पुसून खाल्ला.

दुसरा दिवस माझा होता. सातारकर माणूस हेलसिंकीत येऊन खाशाबा जाधवांना विसरेल कसा? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लोकांच्या वर्गणीवर इथे आला आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ऑलिंपिक स्टेडियमचा पांढरा मनोरा सगळे टूरिस्ट बघतात. कुस्त्या मात्र जवळच्याच प्रदर्शन हॉलमध्ये झाल्या होत्या. आता तो त्योलो भागातला रोजच्या वापरातला क्रीडा हॉल आहे. बाहेर बर्फात उभं राहून मी गावी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, 'तो जुलैत आला होता. तू कडाक्यात गेलीयस. स्वेटर घातलायस ना?'

तिसऱ्या दिवशी पावणेचारला काळोख झाला आणि आमचं बोलकं यंत्र बंद पडलं. 'किती वाजले गं?' हे त्याने तासाभरात पाच वेळा विचारलं. मग हळूच म्हणाला, 'अगं, रोज ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. जमेल का आपल्याला?'

गंमत म्हणजे मला तितकं जड जात नव्हतं. कारण टंचाई मला ओळखीची आहे. आमच्याकडे पाण्याची, यांच्याकडे उजेडाची. टंचाईत माणसं काय करतात, हेच मी चार दिवस बघत होते. अंधारात रस्त्याने चालताना अंगावर रिफ्लेक्टर हवा, असा इथे कायदाच आहे. त्यामुळे आजीबाईंपासून बाळाच्या बाबागाडीपर्यंत सगळे चमचमत असतात. फुटपाथवर घसरू नये म्हणून खडी पसरलेली. खिडकीखिडकीत दिवे. आणि सौना! साधारण छप्पन्न लाखांच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, म्हणजे घरटी एक म्हटलं तरी चालेल. सार्वजनिक सौनात शिजून निघायचं आणि तसंच थंडगार समुद्रात उतरायचं. मी उतरले. नवरोबांनी काठावरून टाळ्या वाजवल्या.

नळाच्या पाण्याने तर मला हरवलंच. हे पाणी पायेन्ने नावाच्या तलावातून १२० किलोमीटरच्या बोगद्याने येतं. तो बोगदा खडक फोडून १९८२ मध्ये पूर्ण केला. हेलसिंकीत वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आमच्या माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे फरक आभाळाचा थोडाच. बाकीचा फरक आमच्या उन्हाचा, आणि पाणी आणून पोचवण्याचा. उरमोडीचं पाणी माणच्या काही भागात पोचलं, तेव्हा लोक कालव्यावर पूजा करायला गेले होते. इथे नळ सोडताना कुणाला काही वाटत नाही. मला वाटलं.

पण माझा खरा प्रश्न उजेडाचा नव्हताच. त्याला नोकरी होती. माझं काय? माझं दुकान मराठीवर चालतं. फ्रीलान्सरला व्हिसा मिळतो, वाचक बरोबर नेता येत नाहीत. या विचारात ऊदी लायब्ररीत शिरले. संसदेसमोरची ही लायब्ररी २०१८ मध्ये उघडली. पुस्तकं तर आहेतच, शिवाय शिलाई मशिन्स, थ्री-डी प्रिंटर, स्टुडिओ असं सगळं लोकांना वापरायला. तिथे एका टेबलाभोवती देशोदेशीची माणसं मोडकंतोडकं फिनिश बोलत बसली होती. भाषेचा कट्टाच! मीही टेकले. शेजारची बाई मूळची दुसऱ्याच कुठल्या देशातली. तिला विचारलं, किती दिवसांत जमतं? ती हसली. 'तिसऱ्या हिवाळ्यात मला फिनिशमध्ये भांडता आलं. तेव्हा वाटलं, आता मी इथली.'

शेवटच्या रात्री हॉटेलात आमचं मराठीत भांडण झालं. तो म्हणाला, नको जाऊ या. मी म्हटलं, अरे, तुला अंधार नको झालाय आणि मला मराठी सुटायची धास्ती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वाक्यात 'नको' म्हणून मिटवू नकोस. एकेक काढ. दोन वाजेपर्यंत एकेक काढली.

आता आमचं ठरलंय. दोन वर्षं जायचं, पुढचं पुढे. तो ऑगस्टमध्ये उजेडात जाऊन घर लावेल, मी मागून. मी लिहायचं मराठीतच, पण आठवड्याला दोन संध्याकाळी फिनिशच्या. आणि मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा मी महिनाभर गावी. नेमका तोच तिथला सगळ्यात काळोखा काळ. रजा साठली की तोही येईल, आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि फुकटचं ऊन खायला.

कंपनीला होकाराची मेल परवा गेली. रिफ्लेक्टर मात्र आम्ही तिथूनच घेऊन आलोय. दोन. त्याचा बॅगेला लावलाय, माझा पुण्यात स्कूटीवर चमकतोय.