बावीस कीं एकवीस ?

विद्यार्थ्यांच्या चुका दाखविणें हें शिक्षकाचें नित्याचें काम. परंतु स्वतःची चूक उमगण्याचा योग त्याला क्वचितच येतो. असा एक योग मला कांहीं वर्षांपूर्वीं आला, त्याची हकीकत येथें देत आहें.

वर्गांत वर्तुळाचा धडा चालला होता. केंद्रापासून परिघापर्यंत दोन त्रिज्या काढल्या म्हणजे त्यांच्यामध्यें कोन होतो. हा कोन ३६० अंशांचा जितकावा भाग असेल, तितकावाच भाग त्यांच्यामधील कंस हा सबंध परिघाचा असतो. हा नियम सांगून मीं उदाहरण घातलें : 'बैलगाडीच्या चाकाची त्रिज्या २१ इंच आहे. त्याची लांकडी कड सहा सारख्या पुठ्ठ्यांची जोडलेली आहे. तर एका पुठ्ठ्याची लांबी किती ?' रीत सोपी होती. पुठ्ठ्याचा केंद्राजवळील कोन ६० अंश, म्हणजे सबंध फेऱ्याचा सहावा हिस्सा. व्यास ४२ इंच, त्यास २२/७ नें गुणिलें कीं परीघ १३२ इंच. त्याचा सहावा हिस्सा २२ इंच.

एका मुलानें मात्र २१ लिहिलें. त्याचे वडील गाडीचीं चाकें करणारे सुतार होते. रीत विचारतां तो म्हणाला, "सर, आमचे बाबा असेंच मोजतात."

"मग तुझ्या बाबांच्या गाड्या वांकड्याच चालत असतील !" मी म्हणालों. सारा वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि पुढें दोन दिवस त्याची जागा रिकामी राहिली.

तिसऱ्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों. वडिलांनीं "या मास्तर," म्हणून बसावयास पाट दिला. त्या थट्टेविषयीं त्यांनीं चकार शब्द काढिला नाहीं. मींच ओशाळून विषय काढिला. तेव्हां त्यांनीं एक चाक पुढें ओढलें, कंपास त्रिज्येइतका उघडला आणि कडेवर एकेक टप्पा टाकीत गेले. सहावा टप्पा नेमका पहिल्या खुणेवर येऊन टेकला ! पुठ्ठ्याचीं दोन टोकें आणि केंद्र मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणून टोकापासून टोकापर्यंतचें सरळ अंतर त्रिज्येएवढेंच, २१ इंच. नंतर त्यांनीं त्याच पुठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेवरून सुतळी फिरविली व ती सरळ करून मोजली. ती २२ इंच भरली.

"लांकूड निवडायचं तें सरळ मापानं," ते म्हणाले, "आणि लोखंडी धाव चढवायची ती फिरत्या मापानं. दोन्ही मापं लागतात, मास्तर."

मी निरुत्तर झालों. मुलानें जीवेची लांबी सांगितली होती, मला कंसाची हवी होती. आणि 'लांबी' असा मोघम शब्द घालून घोटाळा मींच केला होता. 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी, कंस म्हणजे त्याची वांकलेली काठी, हें मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों. पण वेळेवर तें मलाच आठवलें नाहीं.

आणखीहि एक गोष्ट परततांना मनांत आली. माझें २२ तरी कोठें तंतोतंत होतें ? २२/७ हें प्रमाणच जवळपासचें आहे. खरा कंस २२ इंचांहून किंचित् आंखूड भरतो, मग तो फरक इंचाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी कां असेना. आर्यभटानें 'आर्यभटीय' ग्रंथांत २०,००० व्यासास ६२,८३२ परीघ असें याहून पुष्कळ सूक्ष्म मान दिलें, आणि तरीहि त्यास 'आसन्न', म्हणजे जवळचें, असेंच म्हटलें. एवढा ज्योतिषी इतका जपून बोलतो, आणि मी मात्र फळ्यापुढें छाती काढून उभा होतों !

दुसऱ्या दिवशीं मुलगा शाळेंत आला. मीं साऱ्या वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली, आणि त्यालाच फळ्याजवळ बोलावून जीवा व कंस दोन्ही काढावयास सांगितले. त्यानें सुतळी घरून आणिली होतीच. त्या वर्षीं कंसाचें उदाहरण वर्गांत एकाचेंहि चुकलें नाहीं.

तेव्हांपासून वहींत निराळें उत्तर दिसलें कीं तांबडी रेघ ओढण्यापूर्वीं मी विचारतों, "बाळ, तूं काय मोजलेंस ?" पालकांनींहि घरीं हा प्रश्न विचारून पाहावा, एवढीच विनंती आहे.