नानांची यादी

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर नानांची पुस्तके आहेत, चौदाशेच्या आसपास. नाना म्हणजे आमचे वडील. पुस्तक ते कुणालाही देत, पण नोंद केल्याशिवाय देत नसत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यात वाचनालयांचे जाळे उभारायला घेतले होते. त्या बडोद्यात घरच्या पुस्तकांचीही यादी ठेवणारी माणसे असावीत, यात नवल ते काय! नानांची यादी आधी चोपडीत होती. पुढे बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी ती संगणकावर, व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये नेली. आम्हा तिघा भावंडांना त्या संगणकाला हात लावायची परवानगी नव्हती.

२०१८ साली नाना गेले. महिन्याभराने आई म्हणाली, "पुस्तकं देणं बंद करायचं नाही." पण कोणते पुस्तक कोणाकडे गेले आहे हे त्या संगणकालाच ठाऊक, आणि तो काही सुरू होईना. नशिबाने कपाटात एक सीडी सापडली. तिच्यावर यादीची प्रत होती.

फॉक्सप्रो तर केव्हाच मागे पडलेले. त्याची शेवटची आवृत्ती २००४ सालची, आणि कंपनीने २०१५ मध्ये त्याची साथ सोडली. तरी त्याच्या फाइलची रचना साधी, सर्वांना माहीत असलेली, म्हणून लिबरऑफिसमध्ये ती उघडली. तारखा आणि किमती जशाच्या तशा दिसल्या. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणांचा चिवडा!

विद्यार्थी मित्रांनो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तेव्हाचे बरेचसे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. आपल्याला 'क' दिसे, पण संगणक आत काहीतरी वेगळेच अक्षर साठवी. फाँट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, 'क'चा २३२५. फाँट कोणताही घ्या, 'क' हा 'क'च राहतो. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम मिळाला, पण रफार आणि पहिली वेलांटी यांनी त्यालाही चकवले. पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये नंतर. चौदाशे ओळी आम्ही हाताने तपासल्या. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली.

मग खरे भांडण सुरू झाले : यादी आता ठेवायची कशात? थोरल्याचे म्हणणे, एक्सेल सर्वांना येते. पुण्याच्या ताईला एअरटेबल हवे, म्हणजे तिलाही तिकडून बघता येईल. धाकट्याच्या कार्यालयात अ‍ॅक्सेस, म्हणून त्याला तेच. एक्सेलमध्ये करून पाहिले. 'कोणाकडे' हा एकच रकाना. नवे नाव लिहिले की जुने पुसले जाई. एकाच रकान्यात चार नावे कोंबली, तर शोधताना पंचाईत. पुस्तकांचा एक तक्ता, माणसांचा दुसरा आणि देवघेवीचा तिसरा, असे वेगळे करून एकमेकांना जोडले तरच निभाव लागतो, हे उशिरा कळले. एडगर कॉड यांनी १९७० सालीच हे तत्त्व मांडून ठेवले आहे. आम्ही ते ठेचा खात शिकलो.

एअरटेबलमध्ये हे तक्ते भराभर जुळले, आणि मध्येच एखादा रकाना वाढवणेही सोपे. पण त्याच्या मोफत खात्यात नोंदींना मर्यादा आहे, ती आमच्या पुस्तकांनाच पुरेना. शिवाय नानांनी विश्वासाने लिहून ठेवलेले लोकांचे दूरध्वनी परक्याच्या संगणकावर ठेवायला आईचा साफ नकार. तो आम्हालाही पटला. अ‍ॅक्सेस विंडोजवरच चालते, आणि घरचा नवा संगणक लिनक्सचा. शेवटी लिबरऑफिस बेस घेतले. ते फार देखणे नाही, नोंदीचा फॉर्म बनवायला दोन रविवार गेले आणि धाकटा दोनदा चिडून उठला. पण पैसे लागत नाहीत, फाइल आपल्याच घरात राहते, आणि सगळे तक्ते साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढता येतात. आम्ही ते दर महिन्याला काढतो. सीडीचा अनुभव विसरलेलो नाही.

आई अजूनही चोपडीतच लिहिते. नातू रविवारी संगणकावर चढवतो. तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत केलेला फॉर्म तिने एकदा पाहिला आणि म्हणाली, "छान आहे हो."

यादी लागल्यावर त्रेसष्ट पुस्तके बाहेर असल्याचे दिसले. आम्ही दूरध्वनी करत गेलो. एकेचाळीस परत आली, एक तर थेट ग्वाल्हेरहून. चौदा जणांनी "राहू द्या, आठवण आहे" म्हटले. त्यांच्या नावापुढे आम्ही 'दिले' असे लिहून टाकले. राहिलेल्या आठांची नावे मात्र फाँटच्या घोळात अशी बिघडली आहेत की वाचताच येत नाहीत. आम्ही तिघेही याच शाळेत शिकलो, नानांची पुस्तकेही इथल्या अनेक घरांत फिरलेली. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का असलेले पुस्तक कोणाकडे असेल, तर शाळेच्या कचेरीत निरोप ठेवावा. पुस्तक परत नाही दिले तरी चालेल, नाव तेवढे कळवावे.